पांढऱ्या दोरीच्या फितुरीची बखर

श्रीगजानन प्रसन्न. नादरूपिणी शारदेस दंडवत, आणि देवाने माणसास जे दोन कान दिले त्यांसही दंडवत, कारण पुढील सारा मजकूर कानांचा असोन त्याचा घात डोळ्यांनी केला. शके एकोणीसशे सत्तावीस, पार्थिवनाम संवत्सरे, आश्विन शुद्ध दशमी, ते दिवसापासोन पुढील दसऱ्यापर्यंत अमुक एका राज्यात जे वर्तमान जाहले ते हुजुरांनी पुसले, सबब लिहिले आहे. राज्याचे नाव पुसू नये. लिहिणाराचेही पुसू नये. पुसणारास नाव कशास पाहिजे, हा संशय आम्हांस आधी येतो.

त्या राज्यात रयतेस गाण्याचे वेड फार. पूर्वी गाणे ऐकावयाचे तर देवळात जावे, कनातीत तमाशास जावे, नाही तर शेजारच्या रेडिओस भिंतीआडून कान लावावा. पुढे ऐसे जाहले की तळहाताएवढी डबी निघाली, आणि त्या डबीत हजार गाणी मावू लागली, आणि डबीस एक दोरी, आणि दोरीच्या शेवटी दोन बोंडे, ती कानांत खोवली म्हणजे गाणे ज्याचे त्यास ऐकू येई आणि शेजाऱ्यास काडीचे कळत नसे. पेठेत तीस प्लेयर म्हणत, गडावर गाणडबी म्हणत. मग काय पुसता! माणसे भर बाजारात आपल्याशीच माना डोलावू लागली, आणि सासवा हाका मारमारून थकल्या, आणि सुना 'ऐकूच आलं नाही हो' म्हणोन मोकळ्या जाहल्या. डब्या करणारी घराणी दोन. एक दर्यापारकर, समुद्रापलीकडील थोरली दौलत, त्यांची डबी पांढरी आणि दोरीही पांढरी, बारीक, मऊ. दुसरे डोंगरकर, खुद्द त्या राज्याचे धनी, गडावर राहणारे, त्यांची डबी काळी. काळी डबी घडविणारा कारागीर लाडोबा जिनगर, कानाचा ऐसा तिखट की तंबोऱ्याची तार दोन घरे पलीकडे उतरली तरी याच्या कपाळास आठी पडावी. त्याची डबी मजबूत, आवाज स्वच्छ, आणि एकदा बॅटरी भरली म्हणजे चार दिवस निवांत. परंतु दोरी लाडोबाची नव्हे. दोरी खाशा श्रीमंतांनी ठरविली. श्रीमंत बोलिले, "आपल्या दौलतीस दृष्ट लवकर लागते. दोरी काळी असावी, करंगळीएवढी जाड असावी, आणि आपला माणूस दहा हातांवरून ओळखू यावा." हुकूम तो हुकूम. तैशी दोरी वळली. एक शिंपी ती पाहून "हे तर गुरांचं दावं" म्हणोन हसला, त्यास तीन दिवस चावडीपुढे उन्हात उभे केले, तैंपासोन दोरीविषयी राज्यात कोणी चकार शब्द काढीत नसे. दोरी डबीतून काढता-घालता येई, तुटली तर नवी बाजारात मिळे.

आता एक रीत सांगितली पाहिजे, नाही तर पुढील मजकूर कळावयाचा नाही. त्या राज्यात कोणाच्या कनवटीस काय लाविले आहे ते पुसू नये, मग तो पुरुष असो की बाई, ऐशी आण होती. कारण पूर्वी एका राजाने पाहुण्यावर चोरीचा आळ घेऊन भर पंक्तीत त्याची कनवटी सोडविली, आंत निघाली शिळ्या भाकरीची चतकोर, आणि पाहुणा लाजेने पाटावरोन उठला तो पुन्हा कोणाच्या दारी जेवला नाही. ते दिवसापासोन खून माफ होईल पण कनवटी सोडविणारास गावात पाणी मिळणार नाही, ऐसे ठरले. आणि लोक गाणडबी ठेवीत ती कनवटीसच. म्हणजे डबी आंत झाकलेली, आणि दोरी बाहेर कानापर्यंत. ज्यास डबी जाणावयाची त्याने दोरी पाहावी, दुसरा इलाज नाही.

तर त्या दसऱ्यास सोने लुटावयास रयत गडावर आली, आणि श्रीमंत सदरेवर बसोन पाहतात तो काय, येणारा प्रत्येक माणूस आपट्याचे पान देतो, मुजरा करितो, आणि त्याच्या कानांतून दोरी लोंबते ती पांढरी! दहा जाहले, पन्नास जाहले, श्रीमंतांचा चेहरा उतरत चालला. जवळ नारोपंत कारभारी उभे, ते कानाशी लागून म्हणाले, "सरकार, मीठ आपलं खातात आणि कान तिकडे देतात. ही साधी गोष्ट नव्हे, ही फितुरी आहे." श्रीमंतांनी तबकात विडा ठेविला आणि बोलिले, "आपली रयत किती आणि त्यांची किती, आणि फितवली कोणी, याचा तपास कोण करितो?" तेव्हां सदरेच्या खांबाआडून सटवाजी नाईक नजरबाज पुढे आला आणि विडा उचलिला.

हा सटवाजी कोण म्हणाल, तर बारा वर्षांचा चाकर, मिठास जागणारा, लाच न घेणारा, परंतु संशयाचा ऐसा की सकाळी आरशात तोंड पाहिले तरी हा कोण आपल्याकडे टक लावून पाहतो म्हणोन मिशीवर हात जाई. आई लहानपणी वारली, थोरली बहीण गोजराबाई, तिने त्यास भरवून, न्हाऊ घालून, मार देऊन वाढविले, तीस तो आक्का म्हणे. आणि ही आक्का दिली होती लाडोबा जिनगरास, म्हणजे काळ्या डबीचा कारागीर तो सटवाजीचा दाजी. सटवाजीने स्वतः मात्र गाणडबी जन्मात कानास लाविली नाही. तो म्हणे, नजरबाजाने कान मोकळे ठेवावे, कोण कोठे काय कुजबुजेल याचा नेम नाही.

मग सटवाजी वेष पालटोन पेठेत उतरला आणि आठवड्याच्या बाजारी पिंपळाच्या पारावर दोन पिशव्या घेऊन बसला. पांढरी दोरी दिसली की उजव्या पिशवीत एक चिंचोका, काळी दिसली की डाव्या पिशवीत एक. दुपारपर्यंत उजवी पिशवी फुगली आणि डाव्या पिशवीत अकरा चिंचोके. त्या अकरांत नऊ जण गडाचेच चाकर, दहावा एक आंधळा, आणि अकरावी जी काळी दोरी होती तिने एका म्हातारबाने शेळी बांधिली होती. परंतु सटवाजीने शेळीही आपल्यात धरिली, कारण पिशवी फारच रिकामी दिसत होती. मग तो उठला आणि माणसांशी बोलू लागला. एक कासारीण बांगड्या भरता भरता पांढरी दोरी कानांत घालोन गुणगुणत होती, तीस पुसले, "काय बाई, मोठा झोकात आवाज येतो वाटतं?" ती म्हणाली, "आवाजाचं काय सांगू दादा, गाणारीण माझ्या शेजारी बसून गाते असं वाटतं. चार दिवस झाले, भरायलाही लागला नाही." सटवाजीने पुसले, "मग ही पांढरी दोरी..." तो तिने लगेच कानांतील बोंडे काढिली, दोरी पदराआड केली आणि म्हणाली, "दोरीचं काय एवढं? चारचौघींत बरी दिसते. तुम्हाला बांगड्या भरायच्यात की चौकश्या करायच्यात?" सटवाजीने मनांत म्हटले, ही दचकली. दचकली म्हणजे आंत पाणी मुरते आहे.

पुढे तालमीपाशी एक पैलवान भेटला, नाव रावजी बुरुंगले, मान रेड्याची, कानांत पांढरी दोरी. सटवाजीने सहज म्हणोन विषय काढिला तो पैलवान खुलला आणि सांगू लागला, "आमचा प्लेयर विहिरीत पडला होता. तीन दिवसांनी गाळातून काढला, धोतराला पुसला, आणि लागला की हो गायला! जीव गेला तरी दुसरा घ्यायचा नाही. मरताना बरोबर जाळा म्हणून सांगून ठेवलंय घरी." सटवाजीच्या पायांखालची वाळू सरकली. ऐशी निष्ठा त्याने गडावर बारा वर्षांत पाहिली नव्हती. तो हळूच बोलिला, "म्हणजे कोणाचा म्हणायचा हा?" पैलवानाने त्याच्याकडे वरपासोन खालपर्यंत पाहिले, कनवटीवर हात ठेविला आणि एकदम आवाज उतरवोन म्हणाला, "तुम्ही गडावरचे दिसता. जाऊ द्या. आमचं आम्हाला गोड आहे. चावडीपुढं उभं राहायची हौस नाही." आणि तालमीचे दार लावून घेतले. सटवाजीने उजव्या पिशवीत चिंचोका टाकिला, तो जरा जोरानेच.

येणेंप्रमाणे महिनाभर चालले. सटवाजी ज्यास पुसे तो आपल्या डबीचे तोंड भरून कौतुक करी, आणि दोरीचे नाव काढिले की तोंड मिटी. त्याने मनाशी आडाखा बांधिला की दर्यापारकरांनी सबंध पेठेकडोन बेलभंडार उचलवोन घेतले असावे, आणि शपथेत बोलावयाची बंदी असावी. रात्रंदिवस त्यास तेच. जो गप्प तो फितूर, आणि जो बोलतो तो जास्त फितूर. आणि ऐसा तपास करीत करीत एके दुपारी तो आक्काच्या घरावरोन जात असता ओसरीवर पाहतो तो आक्का सूप घेऊन तांदूळ पाखडते आहे, मान डोलावते आहे, आणि कानांत पांढरी दोरी. काळी डबी घडविणाराच्या घरात, त्याच्या बायकोच्या कानांत, आणि ती बायको आपली बहीण!

तो ओसरीवर चढला आणि म्हणाला, "आक्का, कानात काय?"

"गाणं. दुसरं काय असणार?"

"दोरी पांढरी आहे."

"डोळे शाबूत आहेत म्हणायचे तुझे."

"कोणी दिली?"

"बाजारातून आणली. आता कोणाकडून, कधी, कुठल्या वाटेनं, तेही सांगू का?"

"दाजींना ठाऊक आहे?"

आक्का हसली आणि म्हणाली, "तुझे दाजी गाणं ऐकतात रे बाबा. दोऱ्या बघत नाहीत."

तेव्हां सटवाजीची नजर तिच्या कनवटीकडे गेली आणि तेथेच राहिली. आक्काने ते पाहिले. सूप खाली ठेविले, हात झटकले, उभी राहिली आणि बोलिली, "सटवा, भाऊ म्हणून विचारतोयस ना, मग बस इथं पाटावर. भाकरी गरम आहे, झुणका आहे. खा, आणि मग मी सगळं सांगते, हसून हसून पोट दुखेल तुझं. पण नजरबाज म्हणून विचारत असशील, तर ही माझी कनवटी आहे. रीत तुला ठाऊक आहे."

सटवाजी उभाच राहिला. त्यास भूक होती, आणि झुणक्याचा वास येत होता, आणि त्याच वासाने त्यास संशय आला की ही मला जेवू का घालते? खाल्ल्या अन्नास जागावे लागेल म्हणोन? आणि भाऊ म्हणोन जे ऐकेन ते हुजुरांस कोणत्या तोंडाने सांगेन? ऐसा विचार करून तो म्हणाला, "आक्का, मी चाकरीवर आहे." आक्का म्हणाली, "मग जा." आणि सूप उचलिले. सटवाजी पायऱ्या उतरला, आणि वळणावर थांबोन उजव्या पिशवीत एक चिंचोका टाकिला.

मार्गशीर्ष शुद्ध पंचमीस दरबार भरला. सटवाजीने दोन्ही पिशव्या श्रीमंतांपुढे रित्या केल्या, एकीकडे चिंचोक्यांची रास आणि एकीकडे मूठभरही नाहीत. लाडोबा जिनगरास बोलाविले. तो कामावरोन उठोन आला, बोटांस राळ लागलेली, आणि रास पाहून म्हणाला, "सरकार, हे कसं होईल? दरमहा चाळीस गाड्या काळ्या डब्या माझ्या कारखान्यातून गड उतरतात, आणि व्यापारी आणखी मागतात. त्या डब्या जातात कुठं?" तो नारोपंत हसोन बोलिले, "जातात कुठं ते आम्ही सांगतो. दर्यापारकरच माणसं लावून घेतात आणि समुद्रात बुडवतात. आपण करत राहावं, थकावं, म्हणून." आणि सदरेवर बसलेले सारे मान हलवोन म्हणाले, ऐसेच असणार, ऐसेच असणार. मग पंत म्हणाले, "आणि तुमच्या घरी कोणती दोरी आहे, जिनगर?" लाडोबास आता कळले की मसलत कोठे चालली आहे. श्रीमंतांनी सटवाजीकडे पाहिले. सटवाजीने एकवार दाजीकडे पाहिले, मग खाली पाहिले आणि बोलिला, "गोजराबाई, जिनगराची बायको, माझी थोरली बहीण. दोरी पांढरी. या डोळ्यांनी पाहिली."

लाडोबाने मेव्हण्याकडे पाहिलेसुद्धा नाही. तो श्रीमंतांस हात जोडोन म्हणाला, "दोरीचं काय घेऊन बसलात, सरकार? डबी ऐका. एकदा कानाला लावून ऐका, मग माझं काय करायचं ते करा." आणि श्रीमंतांच्या उजव्या हातास चांदीच्या तबकात एक काळी डबी ठेविली होती, तिच्याकडे बोट केले. ती डबी तेथे तीन वर्षे होती, तीस दर शुक्रवारी हळदकुंकू वाहत, आणि एकदाही कोणी चालू केली नव्हती. श्रीमंत डबीकडे पाहू लागले, आणि ऐसे वाटले की हात पुढे होतो की काय, परंतु मग त्यांनी सदरेवर नजर फिरविली, पंतांकडे पाहिले, मानकऱ्यांकडे पाहिले, आणि बोलिले, "आम्ही कानांत बोंडे घालून बसावं, आणि इकडे कोण काय बोलेल ते आम्हाला कळू नये, असा बेत दिसतो." आणि खरे सांगावयाचे तर सदरेवर बसणारा एकही माणूस गाणडबी वापरीत नव्हता तो याच कारणाने. ऐशा दरबारात आपले कान आपल्या हाताने कोण बंद करील? लाडोबाने हात खाली सोडिले. दोरीच वाईट आहे, लोक लाजतात आणि बदलतात, हे त्याच्या ओठांपर्यंत आले होते म्हणतात, परंतु दोरी खाशा श्रीमंतांची, आणि शिंप्याचे तीन दिवस सगळ्यांस ठाऊक. तो बोलिला नाही.

मग हुकूम जाहला की कारखान्याची भट्टी विझवावी, साचे फोडावे, जिनगराने बायकोसह संक्रांतीपूर्वी राज्याची हद्द सोडावी, आणि रयत जर दर्यापारकरांचीच आहे तर पेठ त्यांस देऊन टाकावी आणि निदान तह तरी अब्रूने करावा. साचे फोडिले तेव्हां सटवाजी उभा होता. लाडोबाच्या हाताखालील माणसे रडत होती. लाडोबा रडला नाही. तो फुटलेले तुकडे एकेक उचलोन कोपऱ्यात रचीत होता, जैसे उद्या सकाळी पुन्हा कामास बसावयाचे आहे. सटवाजीस त्याच्याजवळ जावेसे फार वाटले आणि गेला नाही.

पौष मासी दर्यापारकरांचा वकील तहास आला. गोरागोमटा, गोड बोलणारा, दुभाष्या बरोबर. शिक्के जाहले, अत्तर-गुलाब जाहला, नारळ दिला, आणि वकील निरोप घेऊन उठता उठता हसोन म्हणाला, "आता काम झालं, म्हणून एक विचारतो, राग मानू नका. आपण ही पेठ सोडलीत का? आमच्या डब्या तर तुमच्या पेठेत कोणी घेतच नाही. दहात एक गेली तर नवस फेडावा. दोऱ्या मात्र इतक्या जातात, इतक्या जातात, की आमच्या धन्यांनी दोनदा लिहून विचारलं, त्या मुलखातले लोक दोऱ्या खातात की काय?" दुभाष्याने हे मराठीत सांगितले. श्रीमंतांनी पंतांकडे पाहिले. पंत वकील जाईपर्यंत हसत राहिले, आणि तो दरवाज्याबाहेर होताच बोलिले, "सरकार, पाहिलंत? कसा गोड डाव टाकला! आपण पस्तावावं, तह मोडावा, आणि त्यांना चालून यायला निमित्त मिळावं." श्रीमंत म्हणाले, "आमच्याही ध्यानात आलं ते." आणि सारे म्हणाले, ऐसेच असणार.

परंतु खांबाआड सटवाजी उभा होता, आणि त्याच्या मनात एकेक चिंचोका पुन्हा पडू लागला. चार दिवस भरावयास न लागणारी डबी. तीन दिवस गाळात पडोन गाणारी डबी. दोरीचे नाव काढिताच मिटलेली तोंडे. 'चारचौघींत बरी दिसते.' 'हसून हसून पोट दुखेल तुझं.' अरे देवा! सटवाजीने कपाळावर हात मारिला, पागोटे तेथेच पडले, आणि तो बोडक्याने गड उतरत धावला. बारा वर्षांत नजरबाज धावताना कोणी पाहिला नव्हता. लोक म्हणाले, कोणास तरी धरावयास चालला, आणि दारे लाविली.

हद्दीच्या नाक्यावर लाडोबाची बैलगाडी उभी होती, परवाना तपासणे चालले होते. गाडीत दोन ट्रंका, एक जाते, आणि वर आक्का बसलेली. सटवाजी धापा टाकीत आला. आक्काच्या कनवटीकडे पाहिले, लगेच नजर वळविली. आक्काने ते पाहिले. मग ती गाडीतून खाली उतरली, आणि नाक्यावरील चार माणसांदेखत तिने आपल्या हाताने आपली कनवटी सोडिली. राज्य झाले तैंपासोन ऐसे कोणी केले नव्हते. नाकेदाराने पाठ फिरविली. आक्काने आंतून डबी काढोन सटवाजीच्या तळहातावर ठेविली. काळी. कोपरे झिजलेले, पाठीवर हळदीच्या बोटाचा डाग, आणि तिच्यातून निघालेली पांढरी दोरी.

"पहिल्या घाण्यातली आहे," आक्का म्हणाली. "लग्नाच्या वाढदिवसाला दिली होती यांनी. सहा वर्षं झाली, दुसरी हातात धरली नाही मी. ती काळी दोरी काय, ती गळ्यात घातली की बायका विचारायच्या, म्हैस कुठं सुटलीय म्हणून. म्हणून बदलली. सगळ्या गावानंच बदलली. एवढंच होतं रे सटवा, एवढंच."

सटवाजी म्हणाला, "मला सांगितलं का नाहीस?"

"बस, भाकरी खा म्हटलं होतं."

आता सटवाजी रडू लागला, भर नाक्यावर, मोठ्या माणसाने रडू नये तैसा. लाडोबा गाडीच्या जुवास टेकोन उभा होता, तो पुढे आला आणि म्हणाला, "तुझ्या एकट्याचा दोष नाही. दोरी वाईट आहे हे मला पहिल्या दिवसापासून माहीत होतं. सदरेवर बोलायचं धाडस झालं नाही. साचे मीच फोडले म्हण." आणि मग त्याने काय केले, तर सटवाजीच्या कानांत आपल्या हातांनी ती दोन बोंडे घातली आणि डबीची कळ दाबिली. सटवाजीने जन्मात प्रथम गाणडबी ऐकिली. कोणी एक बाई गात होती, आणि गाण्याची ओळ सुरू होण्याआधी तिने जो श्वास घेतला तो सटवाजीस कानाशी ऐकू आला, आणि त्याने दचकोन मागे पाहिले, मागे कोणी नव्हते. लाडोबा हसला. तो म्हणाला, "तो श्वास आणायला मला चार वर्षं लागली." सटवाजीने बोंडे काढोन डबी परत देऊ केली, तो आक्का म्हणाली, "ठेव. यांच्या हातात कसब आहे, दुसरी होईल कुठंतरी." परंतु साचे नव्हते, भट्टी नव्हती, आणि कोठेतरी म्हणजे कोठे हे तिघांसही ठाऊक नव्हते. बैल चालू लागले. सटवाजी रस्त्यात उभा राहिला तो गाडी खिंडीआड होईपर्यंत, आणि त्या दिवशी तो ज्या वाटेने गेला त्या वाटेवर त्याने कोणाकडेही संशयाने पाहिले नाही म्हणतात. हे मात्र आम्हांस पटत नाही.

पुढे काय जाहले, तर वर्षभरात काळ्या डब्या एकेक करून मुक्या होऊ लागल्या. कोणाची बॅटरी गेली, कोणाची कळ गेली, आणि दुरुस्तीस जावे तर कारखान्यास कुलूप. कासारणीची श्रावणात गेली. रावजी पैलवानाची भाद्रपदात गेली, त्याने ती तुळशीखाली पुरिली आणि आठ दिवस तालमीत आला नाही. मग नाइलाजाने लोकांनी पांढऱ्या डब्या घेतल्या. दोरी तर आधीच पांढरी होती, बाहेरोन कोणास फरक दिसला नाही. पुढील दसऱ्यास दर्यापारकरांचा नवा नजरबाज पारावर बसोन दोऱ्या मोजिता जाहला, आणि त्याने धन्यास लिहिले की येथील रयत आरंभापासोन आपलीच, निष्ठा पाहून डोळे भरोन येतात. त्याच्यापुढून एक बोडका, वयस्क माणूस हळूहळू मान डोलावीत गेला, कानांत पांढरी दोरी, कनवटीस काय ते रीतीप्रमाणे झाकलेले. नजरबाजाने त्याचाही एक चिंचोका पांढऱ्यांत टाकिला. तो सटवाजी होता.

येणेंप्रमाणे एका दौलतीने आपली रयत आपल्याच हाताने दुसऱ्यास दिली, आणि रयतेने शेवटपर्यंत तीस सोडिले नव्हते. घेणारास कारण कळले नाही, देणारास कळून पटले नाही, आणि ज्यास पटले त्याचे कोणी पुसले नाही. ऐकिले तैसे लिहिले. वाचून जाहल्यावर हा कागद कनवटीस लावावा आणि कोणास दाखवू नये. इति.